सुतकातला केक

आमच्या शेजारच्या जर्मन आजीशी माझी ओळख भांडणाने झाली. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात घर घेऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. रविवारची दुपार होती. नवऱ्याने मोठ्या हौसेने गवत कापायचं नवं यंत्र बाहेर काढलं. अर्धं अंगणही झालं नसेल तोच पलीकडून एक उंच, ताठ म्हातारी चालत आली आणि म्हणाली, आज रविवार आहे. नवऱ्याला वाटलं, गप्पा मारायला आली आहे. तो म्हणाला, हो ना, ऊन छान पडलंय. मग तिने त्याला शांतपणे समजावलं की रविवारी दुपारी माणसं विश्रांती घेतात, यंत्रं चालवत नाहीत. हा काही इथला कायदा नव्हता. ती तिच्या देशातली रीत होती, आणि तो देश सोडून तिला साठ वर्षं होत आली होती. मी आतून सगळं ऐकत होते. मला राग यायला वेळ लागत नाही, नागपूरची आहे मी. बाहेर जाऊन मी तिला ठणकावलं की माझ्या घरच्या गवताचं मी बघून घेईन. ती माझ्याकडे बघत राहिली, बरं म्हणाली आणि निघून गेली. संध्याकाळी आमच्या दारात तिने स्वतः भाजलेला एक काळपट, जड पाव ठेवलेला होता.

त्या रविवारनंतर आमच्याकडे रविवारी गवत कापलं गेलं नाही.

नवरा तिचा केव्हाच वारला होता. तो मोटारींच्या कारखान्यात साचे बनवायचा. मुलं दूर दुसऱ्या राज्यांत होती, सणासुदीला फोन करायची. माझी मुलगी शाळेत जायला लागली तशी ही बाई आपणहून म्हणाली की बसमधून उतरली की तिला माझ्याकडे येऊ दे. आम्ही दोघं ऑफिसातून येईपर्यंत मुलगी तिथेच असायची. ती तिला ओमा म्हणायची, म्हणजे जर्मनमध्ये आजी. इथल्या पद्धतीप्रमाणे एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ कधी वळली नाही, म्हणून मीही ओमाच म्हणू लागले. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, आमचं काहीतरी नातं आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. कुठल्याही एका देशाच्या लोकांच्या इतिहासातले मोठे टप्पे घ्यायचे आणि मोठ्या पुठ्ठ्यावर क्रमाने मांडायचे. मी गृहीत धरलं होतं की भारत असणार. शिवाजी महाराजांचं चित्र कुठून प्रिंट करायचं हेही मी मनात ठरवून ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, "आय पिक्ड जर्मनी. बिकॉज ओमा." मला वाईट वाटलं आणि ते मी लपवलंही नाही. नवरा म्हणाला, अगं, तिच्या वाट्याला एक तरी आजी रोज येतेय. ते खरंच होतं. माझी आई तिला फक्त फोनच्या पडद्यावर भेटायची, आणि दोघींना एकमेकींचं अर्धंच कळायचं.

त्याच आठवड्यात नागपूरहून दादाचा फोन आला. आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, या वेळी ते किडनीपर्यंत गेलं होतं. दादा एरवी बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलावून घ्या."

आता मी जवळची होते की नव्हते, एवढाच प्रश्न होता. इथे राहायची माझी मुदत वाढवून मिळाली होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का भारतातच जाऊन घ्यायचा, आणि तिथे मुलाखतीच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. नवऱ्याचं काम, घर, मुलीची शाळा, सगळं माझ्या त्या एका शिक्क्याला टांगलेलं. कंपनीच्या वकीलबाईंना विचारलं. बाई भली होती, तिने आधी आईची चौकशी केली आणि मग सांगितलं की सध्या प्रवास करू नका, परत कधी येता येईल ते मी सांगू शकत नाही. ऑफिसात असेच अडकलेले दोघं-तिघं होते. एकजण म्हणाला, यार, मी तर बाबांच्या वेळी पण नाही गेलो, क्या करें. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मला त्याची भीतीच वाटली.

मी आईशी व्हिडिओवर बोलले. वहिनीने फोन तिच्या तोंडासमोर धरला होता. नाकात नळी, केस विंचरलेले नव्हते. केस न विंचरता आईला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी येऊ का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, येते म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "नको येऊ बाई. तुझं तिकडचं नीट राहू दे. मी होते बरी." बोलताना तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

खरं सांगायचं तर ते ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. आईच नको म्हणाली, मग प्रश्नच मिटला. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची इतकी किळस आली की मी जेवले नाही.

शनिवारी ओमा आमच्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरलेला होता. मुलीने इंटरनेटवरून सगळं गोळा केलं होतं. जंगलात रोमन फौजेचा धुव्वा उडवणाऱ्या टोळ्या होत्या, आठशे साली नाताळच्या दिवशी मुकुट घातलेला सम्राट होता, छापखाना होता, चर्चच्या दारावर कागद ठोकणारा साधू होता. तीस वर्षं चाललेलं धर्मयुद्ध होतं. विखुरलेली संस्थानं एक होऊन झालेला देश होता. मग पहिलं महायुद्ध, आणि दुसरं महायुद्ध तिने एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसवलं होतं, कारण तिथे लावण्यासारखं चांगलं चित्र तिला सापडलं नव्हतं. ओमाने चष्मा लावून सगळं वाचलं. साधूपर्यंत ती खूश होती. त्या कोपऱ्यापाशी आल्यावर तिने बोट ठेवलं आणि हे सोडव म्हणाली. मुलगी म्हणाली, ग्लू वाळलाय. ओमा म्हणाली, तरी सोडव. ही बारा वर्षं सगळ्यांत मोठी लिहायची, किती माणसं मारली आणि कोणी मारली ते लिहायचं, आणि उद्या कोणी जर्मन माणूस ही लहान करायला लागला तर त्याचं ऐकायचं नाही. त्या बारा वर्षांतली शेवटची चार तिने स्वतः पाहिलेली होती, अर्थात चिमुकल्या मुलीने जेवढी पाहावी तेवढीच. मुलीने कुरकुरत पुठ्ठा खरवडला.

शेवटचा टप्पा होता एकोणनव्वदचा. बर्लिनची भिंत पडली. खाली मुलीने हसऱ्या चेहऱ्यांचे स्टिकर लावले होते आणि लिहिलं होतं, सगळे जर्मन आनंदात नाचले. ओमाने ते बराच वेळ पाहिलं. मग मुलीला म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात खिडकीत कात्री आहे, ती घेऊन ये. आमच्या घरात चांगल्या तीन कात्र्या होत्या. मुलगी गेल्यावर ती माझ्याकडे वळली. आईचं तिला मुलीकडूनच कळलं होतं.

तिने मला जे सांगितलं ते सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिचं घर बर्लिनच्या पूर्व भागात होतं, आई आणि ती, दोघीच. ती वीस वर्षांची होती, रोज पश्चिमेकडे एका शिवणकामाच्या दुकानात कामाला जायची. एका शनिवारी तिकडच्याच मैत्रिणीचा वाढदिवस होता म्हणून रात्री तिथेच राहिली. सकाळी उठून बघते तर शहराच्या मध्ये काटेरी तारा, पुढे तिथेच ती भिंत उभी राहिली. पूर्वेकडून पश्चिमेकडे यायला कोणालाच मुभा नव्हती, पण तिच्यासारख्यांना परत घरी जायला अजून कोणी अडवत नव्हतं. ती पिशवी घेऊन तारेपाशी गेली. पलीकडे गर्दीत तिची आई उभी होती. आईने तिच्या हातातली पिशवी पाहिली आणि सगळ्यांसमोर ओरडली, येऊ नकोस. ही तरी पुढे सरकली. तेव्हा आई पाठ फिरवून चालायला लागली आणि वळून न बघता गर्दीत गेली.

ही राहिली. लग्न झालं, मिशिगनला आली. काही वर्षांनी नियम सैल झाले, परवानगी काढून भेटायला जाता येऊ लागलं. मग मुलं लहान होती. मग नवऱ्याच्या कारखान्यात संप होता. मग आत गेल्यावर बाहेर सोडलं नाही तर, ही भीती होतीच. आई येऊ शकली असती, म्हाताऱ्यांना तिकडचं सरकार बाहेर सोडत असे, पण तिचे पाय चालत नव्हते. दर वर्षी पुढच्या उन्हाळ्यात जायचं ठरे, आणि आईही दर वेळी कळवे की घाई करू नकोस. एकोणनव्वदच्या मे महिन्यात आई आजारी पडली. हिने परवानगीचा अर्ज केला. परवानगी आली तेव्हा आईला पुरून चार दिवस झाले होते.

"आणि नोव्हेंबरात भिंत पडली," ती म्हणाली. "याच रस्त्यावरचे शेजारी फुलं घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी सगळ्यांना कॉफी करून दिली."

मी पुठ्ठ्यावरचे स्टिकर नखाने काढत बसले. मुलगी कात्री घेऊन अंगणातून परत येताना दिसली तेव्हा ओमा घाईने म्हणाली, "आई येऊ नकोस म्हणते ना, ते तिचं काम आहे. ऐकायचं की नाही हे तुझं. मी ऐकलं."

मुलीने मग त्या ओळीतून 'सगळे' हा शब्द खोडला. ओमाने तिला त्याचं काय कारण सांगितलं ते मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले की मी जाते. तो नाही म्हणेल आणि मला भांडायला मिळेल, अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, जा, पुढचं बघू, फार तर आपण सगळेच परत जाऊ. मी गुरुवारचं तिकीट काढलं. त्याआधीचं मिळतही होतं, पण ऑफिसातली कामं सोपवायची होती, मुलीचं प्रोजेक्ट बुधवारी होतं, आणि दादा म्हणत होता की आजचे रिपोर्ट जरा बरे आहेत. दादाला मी म्हटलं, आईला सांगू नकोस, मीच समोर उभी राहते. तिचा चेहरा कसा होईल ते मी किती वेळा मनात पाहिलं. बॅगेत तिच्यासाठी बदाम भरले, जसं काही ती बदाम खाणार होती.

मंगळवारी पहाटे दादाचा फोन आला. तो बोलला नाही, नुसता रडला, म्हणून मला कळलं.

तिकडे दुपार होती. मे महिन्यातलं नागपूर, ठेवणं शक्य नव्हतं, आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं. तू निघालीस तरी पोचणार नाहीस, असं काकाच म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. सकाळी साडेआठला मी दिवाणखान्यात लॅपटॉप टीव्हीला जोडून बसले. एरवी याच टीव्हीवर आम्ही मॅच बघतो. चुलतभावाने फोन धरला होता, तो सारखा हलत होता. मधूनच नुसते चपलांतले पाय दिसत. मुलगी माझ्या मांडीला चिकटून होती. तिने विचारलं, इज दॅट आजी, आणि मी हो म्हणाले.

तेवढ्यात ओमा आली. काळा ड्रेस, काळे बूट, मुलीने सांगितल्याबरोबर ती कपडे बदलून आली असावी. बस म्हटलं तरी बसली नाही. टीव्हीसमोर हात जुळवून सगळा वेळ उभी राहिली, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. दादा म्हणाला, चेहरा बघून घे, आणि चुलतभावाने फोन जवळ नेला. आईचे केस कोणीतरी विंचरले होते. ओमा पडद्याकडे बघून हळू आवाजात जर्मनमध्ये काहीतरी बोलायला लागली. प्रार्थना नव्हती ती, माणसाशी बोलतात तसं बोलणं होतं, आणि ती रडत होती. मला भयंकर राग आला. ही माझी आई आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. हिने स्वतःच्या आईशी बोलायला माझी आई का वापरावी? पण मी तिला थांबवलं नाही. मला स्वतःला तर एक शब्दही सुचत नव्हता. अग्नी दिल्यावर चित्र अडकलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा माणसं परत निघाली होती.

दुपारी ओमा पुन्हा आली ती मोठं ताट घेऊन. त्यात चपटा केक होता, वर लोणी, साखर आणि पीठ चोळून केलेल्या चुऱ्याचा जाड थर. त्या वेळी आमच्याकडे मराठी मंडळातल्या एक काकू पिठलं-भात घेऊन आल्या होत्या, कारण अशा घरात चूल पेटवायची नसते. काकूंचे डोळेच मोठे झाले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, सुतकात गोड? तेराव्याला करतात गोड. त्या बाईला कळत नाही, पण तुला तरी?" आणि त्यांनी केक झाकून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. काकूंचं चुकलं नव्हतं. आईनेही हेच केलं असतं.

काकू गेल्यावर मी तो परत आणला. ओमाने सांगितलं की त्यांच्यात पुरून आल्यावर सगळे एका टेबलाशी बसतात, कॉफी पितात आणि हा केक खातात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. हा एकट्याने खायचा केक नाही, म्हणून तिने आपल्या आईसाठी तो कधी केलाच नव्हता. इथे तिच्या आईला ओळखणारं कोण होतं? मग तिने मला विचारलं, आईबद्दल काहीतरी सांग. मी सांगितलं की आई संक्रांतीचे लाडू इतके कडक करायची की बाबा ते अडकित्त्याने फोडायचे. ओमा हसली. तिने सांगितलं की तिची आई चोरून कोळसा आणायची आणि पोलिसाला बटाटे आहेत म्हणायची. मी एक तुकडा खाल्ला. तोंड गोड झाल्याची लाज वाटली आणि मी दुसरा घेतला.

मग तिने विचारलं की माझं विमान गुरुवारी किती वाजता आहे, ती मुलीला रात्री तिच्याकडेच झोपवील.

मी म्हणाले, "तिकीट कॅन्सल केलं. आता जाऊन कोण आहे तिथे?"

दादाही तेच म्हणाला होता, वकीलबाईही. आता उगाच कशाला धोका घेतेस. नवरा काही म्हणाला नव्हता. सकाळीच मी ते रद्द करून टाकलं होतं.

ओमाने हातातली सुरी खाली ठेवली. तिला मला रागवायचं होतं असं मला वाटतं, पण ती रागवली नाही. म्हणाली, मीही माझं तिकीट असंच रद्द केलं होतं, हेच शब्द म्हणून. पुढे भिंत पडली, विमानं स्वस्त झाली, मुलं म्हणाली चल घेऊन जातो, तरी मी गेले नाही. "मी तिला पुरताना पाहिलं नाही," ती म्हणाली. "रिकामं घर पाहिलं नाही. मला वाटलं होतं, त्याने सोपं जाईल."

मी विचारलं, मग गेलं का सोपं? तिने मान हलवून नाही म्हटलं. माझ्या बशीत आणखी एक तुकडा ठेवला आणि कॉफी ओतली.

आज या गोष्टीला वर्ष होत आलं. शिक्का अजून मिळालेला नाही, भारतातल्या मुलाखतीची तारीख लागायची आहे. दादाने अस्थी रामटेकला नेऊन सोडल्या, घराला रंग दिला, आईच्या खोलीत आता त्याचा मुलगा अभ्यास करतो. हे सगळं मला माहीत आहे, फोटोही आले आहेत. त्याचा काही उपयोग होत नाही. माझ्या मनातल्या त्या हॉस्पिटलात आई अजून उशीला टेकून बसलेली आहे, मी येतेय हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि मी अजून पोचलेले नाही.